उपकरणांचे समास : वॉकमनपासून मोबाइलपर्यंत

अनेक उपकरणे एका उपकरणात विलीन होतात तेव्हा नेमके काय घडते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा बेरजेच्या भाषेत दिले जाते. गाणी ऐकण्याचे यंत्र, कॅमेरा आणि दूरध्वनी यांची बेरीज म्हणजे आजचा मोबाइल, असे हे उत्तर. परंतु दोन पदे एकत्र आली म्हणजे केवळ त्यांच्या अर्थांची बेरीज होत नाही, हे व्याकरणाच्या अभ्यासकास सांगावयास नको. कोणते पद प्रधान ठरले व कोणते गौण झाले, यावर समासाचा अर्थ अवलंबून असतो. हीच कसोटी उपकरणांना लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयावरील विचाराला हेन्री जेन्किन्स यांच्या 'कन्व्हर्जन्स कल्चर' (२००६) या ग्रंथाने निश्चित दिशा दिली. सर्व माध्यमे अखेरीस एकाच काळ्या पेटीतून वाहू लागतील, ही समजूत त्यांनी भ्रामक ठरविली. आशय एकवटत आहे, यंत्रे मात्र पांगत आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. ध्वनिमुद्रित नाद हे माध्यम, तर कॅसेट वा सीडी ही ते पोहोचविणारी साधने. साधने लयास जातात, माध्यम टिकते, हा भेदही त्यांनी केला. भेद उपयुक्त आहे यात शंका नाही. तथापि साधन हे निव्वळ वाहक मानले, की साधनाच्या घडणीमुळे बदलणारा व्यवहार दृष्टीआड होतो.

वॉकमनचेच उदाहरण घेऊ. १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीस आलेले सोनीचे हे यंत्र बेरजेतून नव्हे, तर वजाबाकीतून जन्मले. पत्रकारांसाठी तयार केलेल्या 'प्रेसमन' या छोट्या ध्वनिमुद्रकातून मुद्रणाची सोय व स्पीकर काढून टाकण्यात आले आणि तेथे स्टीरिओ श्रवणाची योजना झाली. दोघांना एकत्र ऐकता यावे म्हणून हेडफोनसाठी दोन जागा होत्या. ऐकता ऐकता बोलता यावे म्हणून संगीताचा आवाज उतरवून मायक्रोफोन जोडणारे नारिंगी बटणही होते. पुढील नमुन्यांतून ते बटण गेले, आणि वॉकमन एकट्याने ऐकण्याचे यंत्र म्हणून रूढ झाला. माध्यम तेच, कॅसेटही तीच. तरी चालता चालता एकांतात ऐकणे हा नवा व्यवहार साधनाच्या घडणीने निर्माण केला. जेन्किन्स यांच्या द्विभाजनात या व्यवहाराला पुरेशी जागा मिळत नाही.

नावाची कथाही बोधप्रद आहे. अमेरिकेत 'साउंडअबाउट', ब्रिटनमध्ये 'स्टोअवे' आणि स्वीडनमध्ये 'फ्रीस्टाइल' अशी नावे प्रथम देण्यात आली. टिकले ते इंग्रजी व्याकरणाला विचित्र वाटणारे 'वॉकमन' हेच. ते इतके रुळले, की २००२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो शब्द सामान्यनाम झाल्याचे मान्य केले. मराठीतही कोणत्याही कंपनीच्या खिशात मावणाऱ्या कॅसेट-यंत्राला लोक वॉकमनच म्हणत.

आता विलीनीकरणाकडे वळू. आपल्याकडील घराघरांतला 'टू-इन-वन' हा उघड द्वंद्व होता : रेडिओ व कॅसेट-यंत्र ही दोन्ही पदे समान प्रधान, आईवडिलांसारखी. सप्टेंबर २००५ मध्ये मोटोरोला व ॲपल यांनी आणलेला 'रॉकर' हा फोन तत्पुरुष म्हणावा लागेल. त्यात गाणी होती, पण १०० गाण्यांची मर्यादा घातलेली होती. दूरध्वनी प्रधान, संगीत त्याचे विशेषण. ९ जानेवारी २००७ रोजी आयफोन सादर करताना स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॉड, फोन व इंटरनेटचे साधन अशी तीन उत्पादने जाहीर करून ती तिन्ही एकच असल्याचे सांगितले. सादरीकरण द्वंद्वाचे होते. वस्तू मात्र बहुव्रीहि ठरली. 'नीलकंठ' म्हणजे निळाही नव्हे आणि कंठही नव्हे. तसे हे यंत्र घटकपदांच्या बाहेरील तिसऱ्याच अर्थाचे वाचक झाले.

मराठी भाषेने हे स्थित्यंतर टिपले आहे. 'मोबाइल फोन' यातील विशेष्य गळाले आणि विशेषणच नाम झाले. 'ट्रान्झिस्टर रेडिओ'चा 'ट्रान्झिस्टर' असाच झाला होता, असा आक्षेप येईल. पण ट्रान्झिस्टर शेवटपर्यंत रेडिओच राहिला. मोबाइलवर आपण वाचतो, पाहतो, पैसे देतो. तेथे विशेष्याचा केवळ शब्द नव्हे, प्राधान्यही गळाले आहे.

२००१ मध्ये हजार गाणी खिशात घेऊन आलेल्या आयपॉडचे उत्पादन थांबविल्याचे मे २०२२ मध्ये जाहीर झाले. खिशापुरती तरी काळी पेटी खरी ठरली. जेन्किन्स अर्धेच बरोबर होते. यंत्रे पांगली ती मनगटावर, कानांत व दिवाणखान्यात.

भाषाभ्यासकाला यातून एक व्यावहारिक इशारा मिळतो. वॉकमनने वजा केलेले ध्वनिमुद्रण मोबाइलने परत आणले, आणि आज आपले विद्यार्थी बोलींच्या क्षेत्राभ्यासास तोच घेऊन जातात. पण बहुव्रीहीत घटकपद स्वतंत्र उरत नाही. मोबाइलमधील ध्वनिमुद्रक हा संभाषणासाठी व साठवणीच्या काटकसरीसाठी घडविलेला असतो : तो गोंगाट दाबतो, आवाजाची पातळी आपोआप सम करतो, आणि बरेचदा कानाला न जाणवणारा अंश गाळून ध्वनी संक्षिप्त करतो. श्रोत्याला हा अंश अनावश्यक असेल. महाप्राण वा घर्षक व्यंजनांचे मोजमाप करणाऱ्यास तो अनावश्यक नाही. म्हणून असंक्षिप्त स्वरूपात मुद्रण करणारे, त्या एकाच कामाचे यंत्र विभागाने राखणे हा जुन्या वस्तूंचा मोह नव्हे. ती आपल्या पुराव्याची गरज आहे.