धर्मप्रचारकाचे आत्मचरित्र आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

विठ्ठल रामजी शिंदे (१८७३–१९४४) यांच्या 'माझ्या आठवणी व अनुभव' या ग्रंथाविषयी बोलताना जमखिंडीतील बालपणाच्या भागाची मनःपूर्वक प्रशंसा होते आणि पुढील भाग अहवालवजा ठरवून बाजूला ठेवला जातो. या निवाड्यामागे एक गृहीतक दडलेले आहे : शिंदे प्रथम धर्मप्रचारक, मग समाजसुधारक, अखेरीस राजकारणी, आणि टप्पा बदलताच लेखणीचा कस उतरला. हे गृहीतक तपासले पाहिजे.

ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात १९०१ ते १९०३ या काळात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून परतलेले शिंदे मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. प्रचारकपदी असतानाच त्यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन केले. प्रचारकपद सुटले १९१० मध्ये. १९२० मध्ये ते पुण्यातून कौन्सिलच्या निवडणुकीस उभे राहिले आणि पडले. त्यानंतर मंगळूरच्या ब्राह्मसमाजाचे आचार्य झाले, आणि १९३० च्या कायदेभंगात येरवड्याच्या तुरुंगात गेले. व्यासपीठ सोडून राजकारणात गेलेल्या माणसाचा हा जीवनक्रम नव्हे.

दौंड तालुक्यातील कासुर्डीसारख्या गावांतून येणारे विद्यार्थी हा ग्रंथ वाचतात तेव्हा निवडणूक त्यांना सहज उमगते. अडते ते 'प्रचारक' या शब्दापाशी. शेजारच्या केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्तिमिशन असल्याने प्रचारक म्हणजे धर्मांतर करविणारा, अशी त्यांची समजूत असते. शिंदे यांना मात्र कोणाचेही धर्मांतर करावयाचे नव्हते. घरातील वारकरी संस्कार आणि युनिटेरियन शिक्षण यांतून त्यांनी उपासनामंडळाची जी कल्पना घडविली, तीत एका छताखाली बसणारे सारे समान होते.

हीच कल्पना त्यांनी राजकारणात नेली. मराठ्यांसाठी राखीव जागा असताना ते सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांनी विरोध केला. उपासनामंदिरात जातवार बैठक नाही, तर मतपेटीपाशी का असावी? तर्क सुसंगत आहे, उदात्तही आहे. पण मंदिरातील समता ही आत येऊ शकलेल्यांची समता असते. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कौन्सिलच्या सभासदांनी निवडावेत, ही मिशनची सूचना डॉ. आंबेडकरांनी मे १९२० मधील नागपूरच्या परिषदेत धुडकावून लावली. त्यांचा आक्षेप शिंदे यांच्या तळमळीवर नव्हता असे आपण फार तर म्हणू; तो दुसऱ्याच्या वतीने बोलण्याच्या अधिकारावर होता.

आत्मचरित्राच्या उत्तरार्धाकडे आता पुन्हा वळावे. तेथे निवेदकाचा 'मी' आक्रसतो. शाळा, वसतिगृहे, शाखा, परिषदा, वर्गणी यांची नोंद सुरू होते. ही वाङ्मयीन शक्तीची ओहोटी नसून प्रचारकाचा संयम आहे, असे माझे मत आहे. कार्य बोलावे, कर्ता बोलू नये, ही त्या गद्याची शिस्त. तिच्यामुळे एक अडचण मात्र उद्भवते. ज्यांच्यासाठी वसतिगृह उघडले ती मुले अहवालात बहुशः संख्या म्हणून येतात. बालपणाच्या भागात व्यक्तींना चेहरा आणि आवाज देणारी लेखणी या मुलांपाशी कार्यालयीन होते. राजकारणात जो प्रश्न आंबेडकरांनी विचारला, तोच येथे संहितेला विचारावा लागतो : येथे कोण कोणाच्या वतीने बोलत आहे?

शिंदे यांना हा प्रश्न ऐकू आलाच नव्हता, असे कोणी समजू नये. मिशनची धुरा अस्पृश्य कार्यकर्त्यांच्या हाती सोपवून ते १९२३ मध्ये दूर झाले. पुढे १९३३ मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी संशोधकाची भाषा स्वीकारली; पुराव्याने बोलावे, वतीने बोलू नये, अशी ती भाषा आहे. गो. मा. पवार यांनी १९७९ मध्ये संपादित केलेली 'शिंदे यांची रोजनिशी' शेजारी ठेवली की 'मी'चा तिसरा, कोणापुढेच न बोलणारा स्वर ऐकू येतो. हे तीन स्वर एकत्र वाचण्याचे काम मराठी समीक्षेने अजून हाती घ्यावयाचे आहे.