तीन ओळींतलं ओकॅमल

गार्बेज कलेक्शन म्हणजे संथपणा, ही समजूत प्रोग्रॅमरांच्या मनात घट्ट बसली आहे. ती पारखायची तर ओकॅमल भाषेच्या नेटिव्ह कंपायलरनं एक्स८६-६४ प्रोसेसरसाठी काढलेला असेम्ब्ली कोड उघडावा. लिस्टला एक नवा घटक जोडला की मेमरी मिळवायला तिथे तीनच ओळी लागतात: आर१५ रजिस्टरमधून २४ वजा करा, आलेला पत्ता मर्यादेशी ताडून पाहा, तो तिच्या खाली गेला असेल तर कलेक्टरकडे वळा. ८ बाइट हेडरचे, ८ मूल्याचे, ८ पुढच्या घटकाच्या पत्त्याचे.

पहिल्या ओळीत वजाबाकी आहे, कारण नव्या वस्तूंचा हीप वरून खाली भरत येतो. मोकळा तुकडा शोधणं नाही, की फंक्शनला हाक मारणं नाही. लागोपाठ चार वस्तू हव्या असतील तर कंपायलर बहुधा चौघींची वजाबाकी एकदाच करतो.

दुसरी ओळ श्लेषासारखी दुहेरी आहे. सिग्नल आला की रनटाइम ती मर्यादाच मुद्दाम वर सरकवतो. पुढची तुलना आपोआप फसते आणि सिग्नलची दखल घेतली जाते. त्यासाठी इथे वेगळी तपासणी लागत नाही.

तिसरी ओळ क्वचितच खरी ठरते. २ एमबीचा हा छोटा हीप भरला की कलेक्टर जिवंत वस्तू तेवढ्या उचलून मोठ्या हीपमध्ये नेतो. मेलेल्यांना तो हातही लावत नाही. सीमध्ये मॅलकनं घेतलेल्या प्रत्येक वस्तूमागे एक ‘फ्री’ ठरलेला. इथे हजारोंचं उत्तरकार्य फुकट!

किंमत दुसरीकडे वसूल होते. आधीच्या वस्तूत नवा पत्ता लिहायचा तर साधं स्टोअर पुरत नाही, रनटाइमचं फंक्शन बोलवावं लागतं. शिवाय मेमरी सढळ हवी. मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्गर यांनी २००५ मध्ये जावा प्रोग्रॅमांवर मोजमाप केलं. पाचपट मेमरी दिली की उत्तम कलेक्टर हातानं सोडलेल्या मेमरीची बरोबरी करत होता. तिप्पट दिली तर सरासरी १७ टक्के मागे, दुप्पट दिली तर जवळपास ७० टक्के.

म्हणून वेगाचा निवाडा करण्याआधी प्रोग्रॅममधला मृत्युदर पाहावा. वस्तू भराभर जन्मून मरत असतील आणि रॅम ऐसपैस असेल, तर या तीन ओळी सीलाही घाम फोडतील. दीर्घायुषी वस्तूंचे पत्ते सतत बदलायचे आणि तेही तुटपुंज्या रॅममध्ये, तर ‘फ्री’ लिहिण्याचे कष्ट सोसलेलेच बरे.