बिनटाक्याचा पडदा

डीमेक नावाच्या शस्त्रक्रियेत सर्वांत पाहण्याजोगं काही असेल, तर ते हे, की सर्जन ज्या वस्तूवर काम करत असतो तिला तो त्या वेळी स्पर्शच करत नाही. डोळ्याच्या पुढच्या पोकळीत एक निळी सुरळी तरंगत असते. सर्जन बाहेरून, कॉर्नियाच्या वरच्या बाजूवर, बारीक नळीनं हलक्या टिचक्या मारतो. आतलं पाणी हलतं, सुरळीची एक कड सुटते, मग दुसरी. कधी हे चटकन होतं, कधी ती हट्टाला पेटते आणि उलगडलेली पुन्हा मिटते. जोर लावणाऱ्याचं हे काम नव्हे.

ही सुरळी म्हणजे दात्याच्या कॉर्नियाचा अगदी आतला पदर. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. हा पदर त्याहून कितीतरी पातळ, १० ते १५ मायक्रॉन. त्यावर पेशींचा एकच थर असतो, बहुतेक षट्कोनी पेशींचा. कॉर्नियात झिरपणारं पाणी सतत उपसत राहायचं, हे त्यांचं काम. काच स्वच्छ राहते ती या उपशामुळे. माणसाच्या डोळ्यात या पेशी गेल्या की त्यांची जागा नव्या घेत नाहीत. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्स यांनी १९१० मध्ये ज्या विकाराचं वर्णन केलं, त्यात त्या हळूहळू झडतात. काहींच्या बाबतीत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही तसं होतं. मग काच फुगते. सकाळी उठल्यावर सगळं धुक्यात आणि दुपारपर्यंत जरा उघडीप, ही रुग्णांची नेहमीची तक्रार. रात्रभर पापण्या मिटलेल्या असतात, बाष्पीभवन होत नाही, म्हणून सकाळ वाईट.

मोराव्हियातल्या ओलोमोउत्स इथं एदुआर्द त्सिर्म यांनी डिसेंबर १९०५ मध्ये पहिलं यशस्वी कॉर्निया-रोपण केलं. त्या कर्तबगारीला नमस्कारच. पण पुढं दीर्घकाळ, आतला पदर बिघडला तरी बदलला जाई तो सगळा कॉर्निया. पंप जळाला म्हणून विहीरच बुजवून नवी खणावी, तसा हा उपाय. सभोवती नायलॉनचे टाके, ते वर्षभर किंवा जास्त डोळ्यात, त्यांच्या ताणानं वाकडातिकडा झालेला पृष्ठभाग आणि म्हणून चष्म्यानंही धड न सुधारणारी नजर. रॉटरडॅमच्या गेरिट मेलेस यांनी १९९८ च्या सुमारास मागचा थर तेवढा बदलण्याची वाट दाखवली आणि २००६ मध्ये ती डीमेकपर्यंत आणली. ही काटकसर मला त्या शस्त्रक्रियेचा खरा अलंकार वाटते.

आणखी जवळून पाहा. पदर पारदर्शक, म्हणून ट्रिपान ब्लूनं रंगवायचा. सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून नळीनं आत सोडायचा. तो सुलट बसायला हवा. पेशींची बाजू चुकून वर गेली, तर उपसा होणारच नाही. यासाठी पुष्कळ नेत्रपेढ्या त्यावर ‘एस’ अक्षराचा ठसा उमटवून देतात. अक्षर सरळ दिसलं तर ठीक, आरशातल्यासारखं दिसलं तर पदर उलटा. शेवटी खालून हवेचा किंवा वायूचा बुडबुडा भरायचा. पदराला टाका नाही, गोंद नाही. बुडबुडा वर चढू पाहतो आणि पदराला कॉर्नियाशी दाबून धरतो.

इथून पुढचा प्रयोग रुग्णाचा. बुडबुड्यानं पदर नेमका दाबायचा, तर चेहरा छताकडे हवा. म्हणून पहिला दिवस, कधी दोन-तीन दिवस, जेवणखाण आणि शौचाची सवड सोडून उताणं पडून राहायचं. शस्त्रक्रियेपेक्षा हे झोपणंच अवघड गेलं, असं सांगणारे भेटतात. शस्त्रक्रिया बहुधा स्थानिक भुलीतच होते. पहिले काही दिवस नजर आधीपेक्षा वाईट असते, बुडबुड्याची कड हलताना दिसते. घाबरायचं कारण नाही. मात्र डोळा खूप ठणकला, उलट्या झाल्या, तर रात्र असली तरी डॉक्टरांना कळवावं, कारण बुडबुड्यानं डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. वायू पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास आणि उंच घाट टाळावेत. डोळा चोळायचा नाही, झोपताना ढाल लावायची.

कधी पदराची कड सुटते आणि पुन्हा हवा भरावी लागते. ते अपयश नव्हे, या पद्धतीचा स्वभावच आहे. सगळं जमलं तर काही आठवड्यांत नजर उजळू लागते. चष्म्याचा नंबर मात्र दोन-तीन महिन्यांनी. स्टेरॉइडचे थेंब महिनोन् महिने चालतात, म्हणून डोळ्याचा दाबही तपासत राहावा लागतो. शरीरानं पदर नाकारण्याचा धोका पूर्ण रोपणापेक्षा बराच कमी, पण काही वर्षांनंतरही तो संपत नाही. लाली, उजेड न सोसणं, अंधुकपणा, दुखणं: यातलं एक जरी दिसलं, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

डीमेक प्रत्येक डोळ्याला मानवत नाही. आधी बऱ्याच शस्त्रक्रिया झालेल्या गुंतागुंतीच्या डोळ्यात जाडसर पदराची डीसेक अधिक भरवशाची. आणि कॉर्नियाचा आकारच बिघडवणाऱ्या केराटोकोनससारख्या विकारात आतला पदर शाबूत ठेवून पुढचे थर बदलतात. तिथं टाके आलेच.

एक गोष्ट मला फार आवडते. तरुण दात्याचा पदर घट्ट गुंडाळला जातो आणि उलगडताना छळतो. वयस्कर दात्याचा थोडा जाड, सैल आणि शहाणा. म्हणून साठी ओलांडलेल्यांचे डोळे सर्जनला हवेसे वाटतात. ‘आमचे म्हातारे डोळे कोणाला उपयोगी पडणार?’ म्हणून घरात कोणी नेत्रदान टाळत असेल, तर त्यांना हे सांगा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, चष्मा असला, तरी नेत्रदान करता येतं. मृत्यूनंतर पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि सहा तासांच्या आत डोळे काढता यावेत म्हणून जवळच्या नेत्रपेढीला लगेच फोन करावा.