गालावरचा सिग्नल हसण्याचाच कशावरून?

उल्फ डिंबर्ग आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा पेपर तुम्ही वाचाच. चेहरा फक्त ३० मिलिसेकंद दाखवला, लगेच निर्विकार चेहऱ्याने झाकला. तरी हसऱ्या चेहऱ्याला गालाचा झायगोमॅटिकस, तर रागीट चेहऱ्याला भुवईचा कॉरुगेटर जास्त सक्रिय झाला. दोन स्नायूंचे दोन वेगळे प्रतिसाद, ही या प्रयोगाची खरी ताकद.

पण ‘स्नायू हलला’ म्हणजे ‘आनंद झाला’ असं लिहून मोकळे होऊ नका. इलेक्ट्रोड त्वचेवर असतो. शेजारच्या मॅसेटरचा, म्हणजे चावण्याच्या स्नायूचा सिग्नलही तो पकडतो. हाच प्रयोग यवतमाळात केलात, तर कुणीतरी तोंडात खर्रा घेऊन येणारच! आधी चूळ भरायला सांगा, दात आवळायला लावून ती नोंद वेगळी ठेवा. मग हसण्याबद्दल बोला.