राष्ट्रवादी पक्ष आणि मागील हिंसा : तुलनेचा निकष

उत्तर आयर्लंडमधील शिन फेन आणि स्पेनच्या बास्क प्रदेशातील एरी बतासुना या दोन पक्षांची नावे तौलनिक लेखनात बहुधा एकाच वाक्यात येतात. एक आयआरएची राजकीय शाखा, दुसरी एताची, एवढ्यावर विवेचन थांबते. हे वर्णन निराधार नाही. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात सुमारे ३,५०० माणसे मेली आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक मृत्यूंची जबाबदारी आयआरएसारख्या रिपब्लिकन सशस्त्र गटांवर येते. एताने आठशेहून अधिक बळी घेतले. तथापि ही तुलना अपुरी आहे, आणि अपुरी तुलना वर्गात शिकवली गेली की तिचे पूर्वग्रहात रूपांतर होते.

पहिली उणीव अशी की, या मांडणीत समाज आणि संघटना एक होऊन जातात. ज्या कॅथलिक समाजातून शिन फेनला मते मिळत, त्याच समाजाने १९८३ ते १९९७ या काळातील प्रत्येक ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीत जॉन ह्यूम यांच्या अहिंसावादी एसडीएलपीला अधिक मते दिली. शिन फेन त्या पक्षाच्या पुढे गेला तो २००१ साली, म्हणजे १९९४ ची शस्त्रसंधी आणि १९९८ चा गुड फ्रायडे करार यांच्यानंतर. बास्क प्रदेशातही १८९५ साली स्थापन झालेला बास्क नॅशनॅलिस्ट पार्टी हा जुना, सनदशीर पक्ष प्रादेशिक निवडणुकांत एरी बतासुनापेक्षा सतत अधिक मते घेत राहिला. बंदूक गावात होती, म्हणून गाव बंदुकीच्या मागे होते असे ठरत नाही.

दुसरी उणीव म्हणजे शासनाचा हिशेब या तुलनेत मांडलाच जात नाही. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातील १३ जणांना ठार केले. जखमींपैकी एक पुढे दगावला. स्पेनमध्ये १९८३ ते १९८७ या काळात ‘गाल’ या छुप्या टोळीने २७ जणांना मारले आणि तिच्याशी संबंधित अपहरणाच्या खटल्यात १९९८ साली एका माजी गृहमंत्र्यांना शिक्षा झाली. यामुळे एताचा एकही खून क्षम्य ठरत नाही. मात्र पक्षांना लावलेले माप शासनालाही लावले पाहिजे.

मग पक्षांची तुलना कशावर करावी? भाषेचा अध्यापक म्हणून मला एक निकष सुचतो. उर्दू व्याकरणात क्रियापदाचे मारूफ आणि मजहूल असे दोन प्रकार सांगतात. मारूफमध्ये कर्ता ज्ञात असतो, मजहूलमध्ये तो अज्ञात राहतो. ‘आम्ही माणसे मारली’ आणि ‘माणसे मारली गेली’ या दोन वाक्यांतील अंतर हेच माफीनाम्याचे खरे मोजमाप होय.

२००२ साली आयआरएने माफी मागितली ती लढ्यात नसलेल्या मृतांच्या कुटुंबीयांची. पोलीस व सैनिकांच्या आप्तांचे केवळ दुःख मान्य केले. एताने २०१८ साली विसर्जनापूर्वी बळींची जवळपास अशीच विभागणी केली. एका विधवेला क्षमायाचना आणि दुसरीला नुसता आदर, असा हा हिशेब आहे. २०२१ साली अर्नाल्दो ओतेगी यांनी हे दुःख कधीच घडायला नको होते, असे सांगितले. शिन फेनच्या मिशेल ओनील यांनी २०२२ साली, त्या काळी सशस्त्र लढ्याला पर्याय नव्हता, असे मत मांडले; फेब्रुवारी २०२४ मध्ये फर्स्ट मिनिस्टर होताना मात्र कोणालाही न वगळता सर्व मृतांबद्दल खेद व्यक्त केला. दोन्हीकडे भाषा मवाळ झाली, वगळणे कमी झाले. पण कर्ता अद्याप मजहूलच राहिला. ‘पर्याय नव्हता’ हे विधान तर ह्यूम यांच्या उभ्या आयुष्याला नाकारणारे आहे, कारण तो पर्याय त्याच गल्ल्यांतून मते मागत फिरत होता.

याउलट डेरीच्या गोळीबाराबाबत २०१० साली सॅव्हिल चौकशीचा अहवाल आल्यावर ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत तो गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि शासनाच्या वतीने माफी मागितली. येथे कर्ता ज्ञात झाला. त्यासाठी ३८ वर्षे लागली, हे खरे.

शब्दांबरोबर कृतीही पाहावी. २००५ साली आयआरएने शस्त्रे निकामी केली आणि २००७ साली शिन फेनने पोलीस यंत्रणा मान्य केली. एरी बतासुनाच्या परंपरेतून आलेल्या बिल्दूने २०२३ च्या स्थानिक निवडणुकीत एताशी संबंधित गुन्ह्यांत शिक्षा झालेले ४४ उमेदवार दिले; टीकेनंतर त्यांतील खुनाच्या आरोपांत दोषी ठरलेल्या सात जणांनी, निवडून आलो तरी पद घेणार नाही, असे जाहीर केले. बळींच्या कुटुंबीयांना उमेदवारी जाहीर होण्यापूर्वी कोणी विचारले असते, तर ही वेळ आली नसती.

विद्यार्थी ‘कोणता पक्ष अधिक हिंसक?’ असे विचारतात. त्यांना आकडे जरूर द्यावेत. त्यानंतर प्रत्येक पक्षाचे, आणि प्रत्येक शासनाचेही, निवेदन फळ्यावर लिहून त्यातील कर्ता शोधायला सांगावा. जेथे तो सापडत नाही, तेथे इतिहासाचा धडा अजून संपलेला नाही.