पोथी आणि नृत्यफरशी

पावलापावलाचे नियम लिहून ठेवूनही एखादी नृत्यशैली किती बदलू शकते, हे पाहण्यासाठी स्पर्धात्मक बॉलरूमइतके स्पष्ट उदाहरण दुसरे सहसा सापडत नाही. लंडनच्या इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग या शिक्षकसंस्थेने 1924 साली बॉलरूमची स्वतंत्र शाखा काढली. जोसेफिन ब्रॅडली आणि व्हिक्टर सिल्व्हेस्टर यांच्यासारख्या, स्पर्धांतूनच पुढे आलेल्या नर्तकांनी पाऊल टाचेवर पडावे की चवड्यावर, शरीर केव्हा उंचवावे आणि केव्हा खाली आणावे, येथपर्यंत सर्व काही शब्दांत बांधले, आणि पुढे अ‍ॅलेक्स मूर यांच्या पुस्तकांनी ही पोथी देशोदेशी पोचवली. भारतीय संगीतशास्त्रात प्रत्यक्ष प्रयोगाला ‘लक्ष्य’ आणि त्याच्या शास्त्रीय वर्णनाला ‘लक्षण’ म्हणतात; बॉलरूममध्ये लक्ष्य सतत पुढे जात राहिले आणि लक्षणग्रंथाला त्याच्या मागून यावे लागले.

पहिला मोठा बदल वाद्यवृंदांमुळे घडला. फॉक्सट्रॉट हे अमेरिकेतून आलेले नृत्य 1920 च्या दशकात इतक्या जलद लयीत वाजवले जाऊ लागले की त्यातली लांब, सरकती पावले टाकणे अशक्य झाले, आणि त्यातून संथ व जलद अशी दोन नृत्ये वेगळी झाली. जलद शाखेने चार्ल्स्टन या नृत्याचा चटपटीतपणा उचलला व ती क्विकस्टेप म्हणून रूढ झाली. संथ शाखा, म्हणजे स्लो फॉक्सट्रॉट, इंग्रजी शैलीची खरी कसोटी ठरली. टँगोचे वळण मात्र एका नर्तकाने बदलले: 1930 च्या दशकाच्या मध्यावर फ्रेडी कॅम्प या जर्मन नर्तकाने मान व धड झटक्याने वळवून क्षणभर थांबण्याची रीत आणली, आणि तीच आज स्पर्धेतल्या टँगोची ओळख आहे.

रुंबाचा वाद अधिक बोलका आहे. इंग्लंडमध्ये आधी ‘स्क्वेअर रुंबा’, म्हणजे फरशीवर चौकोन रेखणारी सोपी पद्धत, शिकवली जाई. मस्यू पिएर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, लंडनमधील नृत्यशिक्षकाने 1947 पासून क्यूबाला फेऱ्या केल्या. तेथील लोक पहिल्या मात्रेवर वजन स्थिर ठेवून दुसऱ्या मात्रेवर पाऊल टाकतात, हे त्यांनी पाहिले, आणि डॉरिस लॅव्हेल यांच्यासह ती पद्धत लंडनमध्ये शिकवण्यास आरंभ केला. शिक्षकवर्गात त्यावरून अनेक वर्षे तीव्र मतभेद राहिले, आणि 1950 च्या दशकाच्या मध्यास क्यूबन पद्धतीला अधिकृत मान्यता मिळाली. पिएर यांचे निरीक्षण प्रामाणिक होते, तथापि ज्याला त्यांनी रुंबा म्हटले ते बव्हंशी बोलेरो-सोन या क्यूबन नृत्यप्रकाराशी जुळणारे होते. आफ्रो-क्यूबन समाजातली मूळ रुंबा हे अगदी वेगळे लोकनृत्य आहे. पुढे 1961 साली वॉल्टर लेयर्ड यांनी लॅटिन नृत्यांचे तंत्र ग्रंथबद्ध केले, पाय सरळ ताणून त्यावर वजन घेण्याची रीत स्पर्धकांच्या अंगवळणी पडली, आणि क्यूबाशी असलेले नाते नावापुरते उरले.

आजच्या शैलीमागचे सर्वांत प्रबळ कारण मात्र परीक्षकाची नजर हे आहे. स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्यांत अनेक जोड्या एकाच वेळी फरशीवर असतात आणि परीक्षक कडेला उभे राहून केवळ पुढील फेरीसाठी योग्य वाटलेल्या जोड्यांवर खूण करतात. 12 जोड्या आणि सुमारे 100 सेकंदांचे संगीत असेल, तर एका जोडीच्या वाट्याला जेमतेम 8 सेकंद येतात. एवढ्या अवधीत लांबून दिसते ते आकारमान: ताणलेली मान, पसरलेले खांदे, मोठे पाऊल. 1920 च्या दशकातील छायाचित्रांत स्त्री व पुरुष जवळजवळ उभ्या रेषेत दिसतात. आज कंबरेचा स्पर्श तेवढा टिकवून दोघांची वरची शरीरे परस्परांपासून लांब झुकवली जातात, स्त्रीचे मस्तक डावीकडे मागे जाते, आणि जोडी फुललेल्या कमळासारखी दिसते. हा आकार कोणत्याही नियमाने लादलेला नाही. विजेत्यांनी तो घेतला, विजेत्यांकडून शिष्यांनी उचलला, आणि पाठ्यक्रम त्यामागून सुधारले गेले.

या विस्तारात काही खरोखरच कमावले गेले आहे. सध्याच्या जोड्यांचा तोल, वेगावरचा ताबा आणि शरीराच्या पिळातून ऊर्जा साठवण्याची क्षमता पूर्वीच्या जोड्यांना कल्पनेतही शक्य नव्हती, आणि क्विकस्टेपला तर हे वैभव शोभूनही दिसते. स्लो फॉक्सट्रॉटचे मात्र नुकसान झाले आहे. त्याचे सौंदर्य मिनिटाला 28 ते 30 आवर्तनांच्या संथ लयीत न थांबता वाहत जाणाऱ्या चालीत आहे. त्या चालीत चित्रासारख्या स्थिर मुद्रा जितक्या घातल्या जातात तितका तो वॉल्ट्झसारखा दिसू लागतो, आणि दोन नृत्यांतला भेद पुसट होतो. हा दोष नर्तकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण 8 सेकंदांत चाल दिसत नाही, मुद्राच दिसते. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी निदान स्लो फॉक्सट्रॉटच्या फेऱ्यांत फरशीवरील जोड्यांची संख्या निम्म्यावर आणावी.