दिवा कशाची साक्ष देतो?

आषाढात लोणावळ्याला ढग रस्त्यावर उतरतात, पण बर्फाचे नाव नसते. म्हणून विमानाच्या वेगमापकावर बर्फ धरतो, हे मावळातल्या विद्यार्थ्याला फार दूरचे वाटते. वस्तुतः त्याच्याच डोक्यावर, पावसाळ्यात साधारण पाच ते साडेपाच किलोमीटर उंचीवर, तापमान शून्य अंशाला पोचलेले असते. त्याहून वर शून्याखालीही द्रवरूप राहिलेले थेंब असतात. ते विमानावर आपटताच गोठतात. सह्याद्री ओलांडून जाणाऱ्या विमानांना हा थर चढावा लागतो.

विमानाचा वेग पिटो नळीवरून कळतो. समोरची हवा नळीत अडते तेव्हाचा दाब आणि भोवतालच्या हवेचा दाब, या दोहोंतील फरक म्हणजे वेगाची खूण. नळी बुजू नये म्हणून तिच्यात विजेचा तापक असतो. तो चालत नसेल तर वैमानिकाला कसे कळावे?

१ डिसेंबर १९७४ रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे बोइंग ७२७ न्यूयॉर्क राज्यात कोसळले. त्यातले तिघेही कर्मचारी मृत्यू पावले. तापक सुरूच केलेले नव्हते. नळीचे तोंड आणि पाणी निचरण्याचे छिद्र अशी दोन्ही बुजली, की आत दाब कोंडतो. विद्यार्थ्यांकडून हे गणित करून घ्यावे: दर्शकावर ताशी ५४० किमी, म्हणजे सेकंदाला १५० मीटर वेग असेल, तर दाबांतील फरक सुमारे १३८ हेक्टोपास्कल येतो. नळी ५ किमीवर बुजली आणि विमान ७ किमीवर गेले, तर बाहेरचा दाब ५४० वरून ४१० हेक्टोपास्कलवर उतरतो. फरक जवळजवळ दुप्पट होतो आणि दर्शक ताशी ७५० किमी दाखवतो. प्रत्यक्षात वेग वाढलेलाच नसतो! वैमानिकांनी वेग आवरण्यासाठी विमानाचे नाक वर केले, खरा वेग घटला आणि पंखांची उचल गेली.

पुढे १९७८ मध्ये अमेरिकेत नियम झाला: तापक बंद असेल किंवा बिघडला असेल, तर वैमानिकासमोर पिवळा दिवा लागला पाहिजे. नियम योग्यच होता. पण या दिव्याकडून आपण फार अपेक्षा करतो, असे आम्हाला वाटते.

मावळातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. इंद्रायणीवरच्या पंपाचा दिवा वीज आल्याचे सांगतो. फूटव्हॉल्व्ह गाळाने बुजला असेल तर दिवा लागलेला असूनही पाणी चढत नाही. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ए-३३० अटलांटिकमध्ये कोसळून २२८ जण मरण पावले, तेव्हा तापक चालू होते. तरीही हिमकणांनी नळ्या तात्पुरत्या बुजल्या. येथे दर्शकावरचा वेग एकदम उतरला, म्हणजे लक्षण १९७४ च्या उलट! स्वयंचालन सुटले, संदेशांची रांग लागली. पण 'नळी बुजली' असे सांगणारा संदेश त्यांत नव्हता. त्याहून वाईट म्हणजे मोजलेला वेग फारच कमी झाल्यावर यंत्रणेने तो अग्राह्य धरला आणि उचल गेल्याचा इशारा थांबला. नाक खाली करताच तो पुन्हा वाजू लागला. योग्य कृतीला दटावणारा इशारा माणसाला चकवतो.

दुसरी उणीव माणसाच्या सवयीची. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी मॉस्कोजवळ एएन-१४८ विमान पडून ७१ जण गेले. नळ्यांचे तापक लावलेच नव्हते. उड्डाणापूर्वीच्या यादीतली एक ओळ राहून गेली, तर मूक दिवा तिची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या जवळचा दाखला वेगळ्या उपकरणाचा आहे. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' वांद्र्यासमोर समुद्रात पडले. २१३ जण गेले. तेथे मुख्य वैमानिकाचा कलदर्शक चुकीचे दाखवत होता. रोग एकच: चुकणारे उपकरणही ठामपणेच बोलते.

म्हणून आमची मागणी अशी, की इशाऱ्याने केवळ तापकाची नव्हे, मापनाची खबर द्यावी. वेगवेगळी मापने ताडून पाहावीत आणि ती जुळत नसतील तर 'वेग भरवशाचा नाही' असे स्पष्ट सांगावे. नळ्या एकसारख्या असल्या तर त्या एकदमच बुजू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

वर्गात बर्नुलीचे सूत्र फळ्यावर लिहून थांबू नये. गीझरचा, पंपाचा, विमानाचा दिवा दाखवून प्रत्येकदा एकच प्रश्न विचारावा: याची तार नेमकी कशाला जोडली आहे?